अपघात विभागातील पहिला डॉक्टर : वैद्यकीय प्रशिक्षणार्थींच्या व्यावसायिक आचाराचा ऐतिहासिक मागोवा (कोलाड परिसराच्या संदर्भात)

गोषवारा :

अपघातात जखमी झालेला माणूस शिक्षण-रुग्णालयात पोहोचतो तेव्हा त्याला प्रथम भेटणारा डॉक्टर बहुधा अनुभवाने सर्वांत लहान असतो. तो आंतरवासी किंवा पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर असतो. वैद्यकीय आचाराचे आधुनिक नियम मात्र प्रामुख्याने स्वतंत्रपणे व्यवसाय करणाऱ्या, नोंदणीकृत डॉक्टरास उद्देशून लिहिले गेले. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. प्रशिक्षणार्थीचा आचार हा केवळ वैयक्तिक सौजन्याचा विषय नसून ज्येष्ठ व कनिष्ठ यांच्यातील जबाबदारीच्या वाटणीचा विषय आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : अपघात विभाग, आंतरवासिता, निवासी डॉक्टर, वैद्यकीय आचारसंहिता, कोलाड, पालशेत.

प्रस्तावना :

प्रस्तुत लेखक इतिहासाचा अभ्यासक आहे, वैद्यकाचा नव्हे. तरीही हा विषय त्याला आपला वाटतो, याचे कारण भौगोलिक आहे. रोहा तालुक्यातील कोलाड हे गाव मुंबई–गोवा महामार्गावर वसलेले आहे. पूर्वी क्रमांक १७ व आता क्रमांक ६६ असलेला हा राष्ट्रीय महामार्ग, येथून रोह्याकडे जाणारा रस्ता आणि सुतारवाडी–विळेमार्गे ताम्हिणी घाटातून पुण्याकडे जाणारा रस्ता यांची वाहतूक कोलाडच्या नाक्यावर एकत्र येते. रोह्यानंतर कोकण रेल्वेचे पहिले स्थानक कोलाडच होय. जवळच धाटावची रासायनिक औद्योगिक वसाहत आहे. कुंडलिकेच्या पात्रात राफ्टिंगसाठी पर्यटकांची वर्दळ असते. २०११ मध्ये सुरू झालेले महामार्गाच्या पनवेल–इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले आणि त्या काळातील प्रवास किती धोक्याचा होता हे या भागातील प्रत्येक कुटुंब जाणते.

४ मे २०१४ रोजी दिवा–सावंतवाडी पॅसेंजर नागोठणे व रोहा या स्थानकांच्या दरम्यान निडी येथे रुळांवरून घसरली. सुमारे वीस प्रवासी मृत्युमुखी पडले आणि शंभराहून अधिक जखमी झाले. अशा प्रसंगी ग्रामस्थ धावून जातात, मिळेल त्या वाहनात जखमींना घालतात आणि त्यांचा प्रवास एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयाकडे सुरू होतो. हा प्रवास अनेकदा मुंबई, नवी मुंबई वा पुणे येथील शिक्षण-रुग्णालयात संपतो. अलिबाग येथेही २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे कोलाडच्या जखमी माणसाचे भवितव्य पुष्कळदा एखाद्या शिकाऊ डॉक्टरच्या पहिल्या काही मिनिटांतील वर्तनावर अवलंबून असते. म्हणून त्या वर्तनाचे नियम कोठून आले व कोणासाठी लिहिले गेले, हे तपासणे आवश्यक वाटते.

चरकाचा शिष्य आणि पर्सिव्हलचे रुग्णालय :

प्रशिक्षणार्थीच्या आचाराचा विचार भारतीय परंपरेस नवा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याच्या दीक्षेचे वर्णन आले आहे. गुरू शिष्यास अग्नीच्या साक्षीने उपदेश करतो. रुग्णाच्या हितासाठी सर्व प्रकारे झटावे, स्वतःच्या जीवितासाठीही रुग्णाचा द्रोह करू नये, परिचित व अनुमती असलेल्या माणसाबरोबरच रुग्णाच्या घरात प्रवेश करावा, त्या घरातील गोष्टी बाहेर बोलू नयेत, असा त्याचा आशय आहे. येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. हा उपदेश प्रस्थापित वैद्यास नसून शिकणाऱ्यास केलेला आहे.

परंतु त्याच उपदेशात काही रुग्णांना औषध देऊ नये असेही सांगितले आहे. राजाचा रोष ओढवलेले लोक, मरणोन्मुख रुग्ण, पती वा पालक जवळ नसलेल्या स्त्रिया यांचा त्यात समावेश होतो. त्या काळच्या समाजरचनेत या मर्यादा समजण्यासारख्या आहेत. तथापि आजच्या अपघात विभागात येणारे रुग्ण नेमके हेच असतात. पोलिसांनी आणलेला आरोपी, शेवटच्या घटका मोजणारा वृद्ध, सोबत कोणीही नसलेली बेशुद्ध स्त्री यांपैकी कोणासही दाराबाहेर ठेवता येत नाही. रुग्ण निवडण्याचा अधिकार नसणे हे अपघात विभागाचे व्यवच्छेदक लक्षण होय. हे लक्षण आधुनिक काळाने निर्माण केले असून ते परंपरेतून आयते मिळालेले नाही, याची नोंद घेतली पाहिजे.

युरोपात थॉमस पर्सिव्हल या मँचेस्टरच्या डॉक्टराने १८०३ मध्ये वैद्यकीय नीतीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यामागे मँचेस्टरच्या रुग्णालयात १७९२ च्या सुमारास साथीच्या काळात डॉक्टरांमध्ये झालेला वाद होता. रुग्णालयात अनेक डॉक्टर एकत्र काम करू लागले की परस्परांतील वर्तनाचे नियम ठरवावे लागतात, हा त्या ग्रंथाचा मूळ धडा आहे. १८४७ च्या अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या संहितेवर त्याचा मोठा प्रभाव पडला. तथापि या संहितांचा केंद्रबिंदू पूर्ण अर्हताप्राप्त डॉक्टर हाच राहिला. शिकाऊ डॉक्टर रुग्णालयात वावरत होता, पण संहितेच्या पानावर तो क्वचितच दिसतो.

मुंबई इलाख्यातील वैद्यकीय शिक्षण व नोंदणी :

मुंबईत १८२६ मध्ये सुरू झालेली देशी वैद्यकीय शाळा १८३२ मध्ये बंद पडली. त्यानंतर १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज व त्याला जोडून सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय सुरू झाले. पहिले प्राचार्य डॉ. चार्ल्स मोरहेड यांनी रुग्णशय्येजवळ दिल्या जाणाऱ्या शिक्षणावर भर दिला. १८५१ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. पुण्यात १८७८ मध्ये बैरामजी जीजीभाई वैद्यकीय शाळा सुरू झाली. परळच्या राजे एडवर्ड स्मारक रुग्णालयाने व सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाने १९२६ पासून भारतीय डॉक्टरांना अध्यापनाची व ज्येष्ठ पदांची संधी उपलब्ध करून दिली.

मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत दीर्घकाळ मानसेवी डॉक्टरांची पद्धत होती. नामांकित शल्यचिकित्सक ठरावीक वेळी रुग्णालयात येत आणि उरलेला वेळ खाजगी व्यवसायास देत. रात्रंदिवस रुग्णालयात राहणारा असे तो हाऊस सर्जन. ज्ञान ज्येष्ठाकडे आणि उपस्थिती कनिष्ठाकडे, अशी ही विभागणी होती. मानसेवी पद्धत पुढे मागे पडली, परंतु रात्री दोन वाजता दारात उभा राहणारा डॉक्टर हा कनिष्ठच असतो, ही वस्तुस्थिती फारशी बदलली नाही.

दरम्यान नियमनाची चौकट उभी राहत होती. १९१२ च्या मुंबई वैद्यकीय कायद्याने इलाख्यात डॉक्टरांची नोंदवही व परिषद अस्तित्वात आली. व्यवसायास न शोभणाऱ्या वर्तनाबद्दल नोंदवहीतून नाव काढून टाकणे हे परिषदेचे प्रमुख शस्त्र होते. पुढे १९३३ व १९५६ चे भारतीय वैद्यकीय परिषद कायदे आणि १९६५ चा महाराष्ट्र वैद्यकीय परिषद कायदा आले. १९५६ च्या कायद्याने आंतरवासितेच्या काळासाठी तात्पुरत्या नोंदणीची तरतूद केली. आंतरवासी डॉक्टर त्यामुळे विद्यार्थीही असतो व डॉक्टरही. त्याच्या सहीला काही प्रमाणात मोल असते, परंतु त्याच्या निर्णयामागे ज्येष्ठाची देखरेख गृहीत धरलेली असते. ही देखरेख प्रत्यक्षात नसेल तर काय, हा प्रश्न मात्र कायद्याने बराच काळ मोकळा ठेवला.

पालशेत ते पुणे : १९५३ :

या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण कोकणातीलच आहे. भारतीय वैद्यकीय कायद्यात 'लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले' या नावाने ओळखला जाणारा हा खटला विधी महाविद्यालयांतून आजही शिकवला जातो. त्याच्या निकालपत्रात नोंदलेला घटनाक्रम पुढीलप्रमाणे आहे.

६ मे १९५३ रोजी सूर्यास्ताच्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत येथील समुद्रकिनाऱ्यावर सुमारे वीस वर्षांच्या एका तरुणास अपघात झाला व त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. किनारा घरापासून दीड मैल दूर होता. खाट आणून त्याला घरी नेण्यात वेळ गेला. स्थानिक डॉक्टरांनी पायाला लाकडी फळ्या बांधल्या व दुसऱ्या दिवशी पुण्यास नेण्याचा सल्ला दिला. मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास टॅक्सी निघाली आणि सुमारे २०० मैलांचा प्रवास करून ९ मे रोजी सकाळी साडेअकराला पुण्यात पोहोचली. सोबत आई व ते स्थानिक डॉक्टर होते. वडील स्वतः डॉक्टर असून दौंडहून पुण्यास आले होते.

एका रुग्णालयात तपासणी झाल्यावर तरुणास शल्यचिकित्सकांच्या खाजगी रुग्णालयात नेण्यात आले. मुख्य डॉक्टर त्या वेळी उपस्थित नव्हते. त्यांच्या सहाय्यकाने दुपारी सव्वादोन वाजता रुग्णास दाखल करून घेतले. मुख्य डॉक्टरांनी आल्यावर एका तासाच्या अंतराने मॉर्फियाची दोन इंजेक्शने देण्यास सांगितले. सहाय्यकाने एकच दिले. त्यानंतर क्ष-किरण छायाचित्रे घेण्यात आली, शस्त्रक्रियागृहात पाय प्लास्टरमध्ये घालण्यात आला आणि साडेपाचच्या सुमारास तरुणास खोलीत आणले गेले. सातपर्यंत मॉर्फियाचा अंमल उतरेल असे आश्वासन मिळाल्याने वडील दौंडला परतले. साडेसहाच्या सुमारास मुलाला श्वास घेण्यास त्रास होत असल्याचे प्रथम आईच्या लक्षात आले. सहाय्यकाने मुख्य डॉक्टरांना बोलावले. उपचार सुरू झाले, परंतु रात्री नऊ वाजता मुलाचा मृत्यू झाला.

भूल न देता व अवाजवी जोर लावून हाड बसवल्याने बसलेल्या धक्क्यामुळे मृत्यू ओढवला, असा निष्कर्ष कनिष्ठ न्यायालयाने काढला व ३,००० रुपये नुकसानभरपाई मंजूर केली. उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही मुख्य डॉक्टरांचे अपील फेटाळले. डॉक्टरची तीन कर्तव्ये न्यायालयाने सांगितली : रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना, कोणते उपचार करावेत हे ठरवताना आणि ते उपचार प्रत्यक्ष करताना वाजवी काळजी घेणे.

कायद्याच्या अभ्यासकांनी या तीन कर्तव्यांची चर्चा पुष्कळ केली आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र निकालपत्रातील दुय्यम वाटणारे तपशील अधिक महत्त्वाचे वाटतात. रुग्णास दाखल करून घेणारा सहाय्यक होता. ज्येष्ठाने सांगितले एक आणि प्रत्यक्षात घडले दुसरे. शस्त्रक्रियागृहातून आणल्यानंतरच्या तासाभरात रुग्णाजवळ होती ती आई, आणि धोक्याची पहिली खूण तिनेच ओळखली. हे निष्काळजीपणाचे स्वतंत्र आरोप नव्हते. परंतु अपघात विभागातील प्रशिक्षणार्थीच्या आचाराचे जवळपास सर्व प्रश्न या काही तासांत सामावलेले आहेत. ज्येष्ठाला केव्हा कळवावे, आदेशात बदल झाल्यास तो कोठे नोंदवावा, नातेवाइकांना कितपत आश्वासन द्यावे आणि त्यांचे म्हणणे किती गांभीर्याने घ्यावे, हे ते प्रश्न होत.

नकाराच्या अधिकाराचा शेवट : १९८९ ते २०१९ :

अपघातग्रस्तास 'ही पोलीस केस आहे, दुसरीकडे न्या' असे सांगण्याची प्रथा देशभर रूढ होती. स्कूटरवरील एका जखमीस जवळच्या रुग्णालयाने नाकारून सुमारे २० किलोमीटर दूरच्या रुग्णालयाकडे पाठवले व वाटेत त्याचा मृत्यू झाला, या वृत्तावरून दाखल झालेल्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९८९ रोजी निर्णय दिला. शासकीय असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरने प्रथम जीव वाचवावा. कायद्याचे सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत, असे न्यायालयाने स्पष्ट केले. १९९४ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये दुरुस्ती होऊन हे कर्तव्य कायद्याच्या शब्दांत आले.

१९९६ च्या पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात आणखी एक पाऊल पुढे पडले. रेल्वेतून पडून डोक्यास दुखापत झालेल्या शेतमजुरास १९९२ मध्ये कोलकात्यातील एकामागून एक शासकीय रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले होते. न्यायालयाने हा जगण्याच्या हक्काचा भंग मानला व राज्यावर जबाबदारी ठेवली. या प्रकरणात नेमलेल्या समितीने गंभीर रुग्णास खाट नसल्यास जमिनीवर वा ट्रॉलीवर ठेवावे, पण परत पाठवू नये, असे सुचवले होते. शिफारस मानवतेची आहे. तथापि ती अमलात आणताना जमिनीवरील रुग्णाच्या नातेवाइकांना उत्तर द्यावे लागते ते कर्तव्यावरील कनिष्ठ डॉक्टरलाच, हेही विसरता येत नाही.

६ एप्रिल २००२ रोजी अधिसूचित झालेल्या व्यावसायिक आचार, शिष्टाचार व नीतीविषयक विनियमांनी डॉक्टरला रुग्ण निवडण्याचे स्वातंत्र्य सर्वसाधारणपणे दिले, परंतु आणीबाणीच्या प्रसंगी मदतीच्या हाकेस प्रतिसाद देणे आवश्यक ठरवले. रुग्णाने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत देण्याचे बंधनही त्यात आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे विनियम प्रसिद्ध केले, मात्र त्याच महिन्यात ते स्थगित होऊन २००२ चे विनियम पुन्हा लागू करण्यात आले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीने जखमीस रुग्णालयात आणणाऱ्या माणसालाही संरक्षण दिले. कोलाडच्या नाक्यावरून जखमीला घेऊन येणाऱ्या रिक्षाचालकास वा टेम्पोचालकास ताटकळत ठेवणे, त्याच्याकडे संशयाने पाहणे हे आता केवळ असभ्य नव्हे, तर कायद्याच्या हेतूशी विसंगत ठरते.

धुळे, २०१७ : आचाराची दुसरी बाजू :

कर्तव्ये वाढत गेली, त्या प्रमाणात साधने वाढली का, हा प्रश्न मार्च २०१७ मध्ये धुळे येथे तीव्रपणे समोर आला. शासकीय रुग्णालयात डोक्यास गंभीर दुखापत झालेला अपघातग्रस्त आणला गेला. तेथे मेंदू-शल्यचिकित्सक उपलब्ध नसल्याने रुग्णास अन्यत्र हलवावे लागेल, असे कर्तव्यावरील अस्थिरोग विभागाच्या निवासी डॉक्टरने सांगितले. सोबतच्या जमावाने त्याला निर्दयपणे मारहाण केली व त्याच्या डोळ्यास गंभीर इजा झाली. त्यानंतर राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, शासकीय रुग्णालयांतील सेवा कोलमडली आणि मुंबई उच्च न्यायालयास हस्तक्षेप करावा लागला. अशा हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासूनच कायदा अस्तित्वात होता.

या घटनेत दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. त्या डॉक्टरने सत्य सांगितले होते. आचारसंहितेची हीच अपेक्षा आहे. मात्र जे सत्य संस्थेच्या उणिवेविषयी होते ते सांगण्याचे काम संस्थेतील सर्वांत कनिष्ठ माणसावर येऊन पडले होते. मारहाणीचे समर्थन कोणत्याही स्थितीत होऊ शकत नाही. त्याचप्रमाणे सामूहिक रजेच्या काळात दूरच्या खेड्यांतून आलेल्या गरीब रुग्णांचे जे हाल झाले, त्यांकडेही डोळेझाक करता येत नाही.

न्यूयॉर्कमधील एका प्रकरणाची तुलना येथे उपयुक्त ठरते. १९८४ मध्ये एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात रात्री आलेल्या १८ वर्षांच्या विद्यार्थिनीचा काही तासांत मृत्यू झाला. तिच्यावर थकलेल्या प्रशिक्षणार्थींनी पुरेशा देखरेखीविना उपचार केले होते. या प्रकरणाच्या चौकशीतून १९८९ मध्ये त्या राज्यात प्रशिक्षणार्थींच्या कामावर आठवड्यास ८० तासांची मर्यादा व ज्येष्ठांच्या देखरेखीचे बंधन आले. भारतातही १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत सलग कामाचे तास सामान्यतः १२ पेक्षा अधिक नसावेत असे म्हटले होते. निर्देश कागदावर राहिल्याची तक्रार मात्र निवासी डॉक्टरांच्या संघटना त्यानंतरही सातत्याने करीत आल्या आहेत.

आचाराचे स्वरूप : काही निरीक्षणे :

वरील विवेचनावरून प्रशिक्षणार्थीच्या व्यावसायिक आचाराची काही सूत्रे मांडता येतील.

१) स्वतःची ओळख स्पष्ट सांगणे. 'मी आंतरवासी डॉक्टर आहे, माझे ज्येष्ठ अमुक आहेत, त्यांना कळवले आहे' या एका वाक्याने नातेवाइकांचा अर्धा संशय दूर होतो.

२) आपली मर्यादा ओळखून वेळेवर ज्येष्ठास बोलावणे. हा दुबळेपणा नसून कर्तव्य आहे. त्याचप्रमाणे रात्री बोलावल्याबद्दल कनिष्ठाचा पाणउतारा करणाऱ्या ज्येष्ठाकडून आचारभंगच होत असतो.

३) केसपेपरवर वेळेसह नोंद करणे. आदेश कोणी दिला, कोणता अमलात आला, कोणता आला नाही व का, हे लिहिले गेले पाहिजे. पालशेतच्या प्रकरणातील न दिलेले दुसरे इंजेक्शन हेच सुचवते.

४) रुग्णास पुढे पाठवताना प्रथम त्याची प्रकृती शक्य तितकी स्थिर करणे, पुढील रुग्णालयास कळवणे व कारण लेखी देणे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये राज्यात ९३७ वाहनांसह सुरू झाली व त्यांत डॉक्टरची तरतूद करण्यात आली. त्यामुळे वाटेतील काळजीचे साधन उपलब्ध झाले आहे, परंतु माहितीचे हस्तांतरण डॉक्टरनेच करावे लागते.

५) गोपनीयता व सन्मान राखणे. मद्यपी, आरोपी, विषप्राशन केलेली स्त्री, कातकरी वाडीवरून आलेला अनवाणी माणूस या सर्वांना एकाच आदराने 'तुम्ही' म्हणणे हाही आचाराचाच भाग होय.

६) खोटे आश्वासन न देणे आणि सोबतच्या माणसाचे ऐकणे. श्वासातील बदल प्रथम आईला कळतो, हे १९५३ ने दाखवून दिले आहे.

आपत्कालीन वैद्यकाला स्वतंत्र पदव्युत्तर विषय म्हणून भारतीय वैद्यकीय परिषदेची मान्यता २००९ मध्ये मिळाली. आचार, नीती व संवाद यांचे शिक्षण एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून पद्धतशीरपणे समाविष्ट झाले. या दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु वर्गात शिकवलेला आचार रात्रपाळीत टिकायचा असेल तर दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला उत्तर देणारा ज्येष्ठ असावा लागतो.

समारोप :

चरकाने शिष्याला उद्देशून आचार सांगितला, कारण त्या उपदेशाच्या वेळी गुरू समोर उभा होता. आधुनिक काळाने रुग्णालये उभारली, नोंदवह्या निर्माण केल्या, रुग्णास नाकारण्याचा अधिकार संपुष्टात आणला आणि ते योग्यच झाले. मात्र या प्रवासात गुरूची उपस्थिती गृहीत धरली गेली, ती बंधनकारक करण्याचे काम अपुरे राहिले. पालशेतच्या तरुणाचा खटला पंधरा वर्षे चालला. त्याच्या निकालात जबाबदारी मुख्य डॉक्टरांवर ठेवली गेली, ही गोष्ट आजच्या विभागप्रमुखांनी व रुग्णालय-प्रशासकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

पालशेतहून पुण्यास जाण्यास १९५३ मध्ये साडेदहा तास लागले. आज कोलाडहून निघालेली रुग्णवाहिका त्याहून पुष्कळच लवकर मोठ्या रुग्णालयात पोहोचते. रस्त्याने वाचवलेला हा वेळ रुग्णालयाच्या दारात वाया जाऊ नये, एवढीच या मार्गावर राहणाऱ्यांची अपेक्षा आहे. ती पूर्ण करण्याचे ओझे पहिल्या डॉक्टरच्या एकट्याच्या खांद्यावर टाकून चालणार नाही, असा या अभ्यासाचा निष्कर्ष आहे.